पेन्शन चालू असताना पुन्हा नोकरी: कुठून सुरुवात करायची

मी ३१ मे २०२१ ला निवृत्त झाले. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांची निवृत्ती ३१ मेचीच असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावलेली. एका दिवसात निम्मी शाखा रिकामी होते. त्या वर्षी कोविडचे निर्बंध होते, त्यामुळे समारंभ झाला नाही. साहेबांनी शाल आणि नारळ दारातच हातात दिला आणि राज्य सरकारच्या जिल्हा कार्यालयातली, लेखा शाखेतली माझी तेहेतीस वर्षं संपली.

पुन्हा काम करावंसं वाटतंय हे मला कळलं ते ३१ मार्च २०२२ च्या संध्याकाळी. त्या दिवशी कोषागारात रात्री उशिरापर्यंत देयकं घेतात, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. मी घरी भाजी निवडत होते. सात वाजता जुन्या ऑफिसमधून फोन आला, "ताई, बीम्सवर अनुदान आत्ता पडलंय, हे देयक कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकू?" बीम्स म्हणजे सरकारी निधी वाटपाची संगणक प्रणाली, आणि लेखाशीर्ष म्हणजे खर्चाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक. मी न पाहता आकडे सांगितले. फोन ठेवला आणि लक्षात आलं की सकाळपासून मी फोन जवळ घेऊनच बसले होते.

पुढच्याच महिन्यात मी एका ठिकाणी रुजू झाले. घाई केली, आणि पहिल्या वर्षात बऱ्याच चुका झाल्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी साताऱ्यात राहते आणि राज्य सरकारची पेन्शनर आहे, म्हणून उदाहरणं त्या बाजूची जास्त आहेत.

१. कशासाठी जायचंय, ते आधी कागदावर लिहा

खरंच लिहा. पैशासाठी, वेळ जावा म्हणून, की माणसांत राहायचं म्हणून? तिन्ही कारणं चांगली आहेत, पण प्रत्येकाला लागणारं काम वेगळं.

पैशासाठी जाणार असाल तर त्यात कमीपणा अजिबात नाही. पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंतचं अंशराशीकरण घेतलं, म्हणजे तेवढा भाग आगाऊ एकरकमी उचलला, की दरमहा हातात येणारी रक्कम कमी होते आणि ती पूर्ववत व्हायला पंधरा वर्षं लागतात. त्यात मुलाचं गृहकर्ज किंवा मुलीचं शिक्षण चालू असेल तर ओढाताण होतेच. अशा वेळी महिन्याला नेमके किती कमी पडतात तो आकडा काढा आणि तेवढ्यापुरतंच काम शोधा. आकडा न काढता गेलात तर समोरचा देईल त्याला हो म्हणाल.

वेळेसाठी जाणार असाल तर अर्धवेळ कामच घ्या. पूर्णवेळ मिळत असलं तरी नको म्हणा.

आणि मान मिळावा म्हणून जात असाल तर थोडं थांबा. जुनी खुर्ची परत मिळत नाही. नव्या जागी तुम्ही नवे असता आणि पंचविशीतला मुलगा तुम्हाला 'हे असं नाही, असं करायचं' म्हणणार असतो. हे ज्याला चालेल त्यानेच जावं. माझी एक मैत्रीण प्राचार्यपदावरून निवृत्त झाली. तिला तीन ठिकाणांहून बोलावणं आलं, तिने तिन्ही नाकारली. ती आता सकाळी बागेत असते आणि दुपारी वाचत बसते. तिला पुन्हा कामावर जायचं नाही, आणि हे तिने इतक्या स्पष्टपणे ठरवलंय याचं मला कौतुक वाटतं. 'घरी बसून काय करता?' हा प्रश्न लोक विचारतात म्हणून कुणी नोकरीला लागू नये.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. आपल्या निवृत्तीची वाट घरचे आपल्यापेक्षा जास्त बघत असतात. 'आता आई घरी आहे' असं म्हणत नातवंडाचं पाळणाघर बंद होतं. कामावर जायचं ठरवलंत तर मुलगा, सून, नवरा सगळ्यांना एकत्र बसवून कुठले दिवस आणि किती तास ते सांगा. मी सांगितलं नव्हतं. पहिला महिनाभर घरात कुणी नीट बोलत नव्हतं.

निवृत्तीनंतर निदान तीन महिने काहीच ठरवू नका, हेही सांगून ठेवते. तोवर झोप, तब्येत आणि पैशांचा अंदाज सगळंच बदललेलं असतं.

२. पेन्शनला धक्का लागतो का, ते तपासा

खाजगी नोकरी केली म्हणून पेन्शन बंद होत नाही. पण नियम सगळ्यांना सारखे नाहीत.

केंद्र सरकारच्या गट अ मधून निवृत्त झालेल्यांना पहिल्या एका वर्षात व्यावसायिक नोकरी घ्यायची असेल तर आधी परवानगी लागते. राज्य सेवेतल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. तुमच्या पदाला काय लागू होतं ते आस्थापना शाखेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

परत सरकारातच जाणार असाल तर हिशेब वेगळा. तिथे साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनातून पेन्शन वजा करून मोबदला ठरतो. रेल्वेने २०२४ मध्ये निवृत्तांना परत बोलावलं तेव्हाही हेच सूत्र होतं. त्यामुळे आकडा जाहिरातीवरून वाटतो त्यापेक्षा लहान निघतो. ही पुनर्नियुक्ती आहे की करार, आणि पेन्शनवरची महागाई वाढ त्या काळात चालू राहणार का, हे दोन प्रश्न रुजू होण्याआधीच विचारा.

नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका. बँकेतल्या यादीत सही करताना पुनर्नियुक्तीबद्दलही विचारलेलं असतं. आपण दरवर्षी चष्मा न लावताच सही करतो, तसं करू नका. त्या प्रश्नाचा रोख मुख्यतः सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या नोकरीवर असतो. तुम्ही पुनर्नियुक्त असाल तर मोबाईलवरचा जीवन प्रमाण दाखला चालत नाही, जुन्या पद्धतीनेच द्यावा लागतो. मुलाने घरबसल्या काढून दिला आणि पुढे पेन्शन अडकली, असं होऊ देऊ नका.

३. काम शोधायचं कुठे

माझा अनुभव असा की जाहिरातीपेक्षा ओळखीतून जास्त कामं मिळतात, आणि ओळख आपल्याच व्यवसायातली असते. बँकेतून निवृत्त झालेल्यांना समवर्ती लेखापरीक्षण (म्हणजे चालू व्यवहारांची सोबतच होणारी तपासणी), आर्थिक साक्षरता केंद्रातलं समुपदेशन, पतसंस्था आणि नागरी सहकारी बँका ही ठरलेली ठिकाणं आहेत. लेखा शाखेतल्यांना शिक्षण संस्था, धर्मादाय रुग्णालयं आणि चार्टर्ड अकाउंटंटची ऑफिसं. अभियंत्यांना बांधकाम प्रकल्पांचे सल्लागार बोलावतात. माजी सैनिकांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि पुण्यातलं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, इथे नाव नोंदवावं.

शिक्षकांची गोष्ट नाजूक आहे. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर नियमित भरती होईपर्यंत ७० वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार मानधनावर घ्यायचं ठरवलं. डीएड, बीएड झालेल्या तरुणांनी त्याला मोठा विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणाऱ्याच्या जागी पेन्शन घेणारा बसला तर त्याला काय वाटेल? दुसरीकडे, ज्या वस्तीवरच्या शाळेत शिक्षकच नाही तिथल्या मुलांचं काय, हाही प्रश्न खरा आहे. मी माझ्यापुरतं असं ठरवलं, की जिथे माझ्यामुळे एखाद्या तरुणाची पूर्णवेळ जागा अडेल तिथे जायचं नाही. चार तासांचं, शिकवून जाण्याचं काम घ्यायचं.

साठ पूर्ण झालेल्यांसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने १ ऑक्टोबर २०२१ ला 'सेक्रेड' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. नाव नोंदवायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्येष्ठ नागरिक संघात सांगून ठेवा. मला दुसरं काम तिथूनच मिळालं.

सापळा: नोंदणी फी, प्रशिक्षण फी, लॅपटॉपची अनामत, यांतलं काहीही मागितलं की फोन ठेवा. नोकरी देणारा पैसे घेत नाही. घरबसल्या डेटा एंट्री म्हणून येणारे संदेश आपल्याच वयाच्या लोकांना जास्त येतात, कारण फंडाची रक्कम नुकतीच खात्यात आलीय हे त्यांना माहीत असतं. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, मुलांना सांगायची लाज वाटते म्हणून थांबू नका. इतर अडचणींसाठी ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे.

दुसरा सापळा जुन्या ऑफिसचा. 'ताई, जरा येऊन जा ना' म्हणून बोलावतात. एकदा, दोनदा जावं. आठवड्यातून तीनदा जायला लागलात तर ते काम आहे, आणि त्याचा आदेश निघाला पाहिजे. आदेश नसताना सरकारी फाईलला हात लावणं तुमच्यासाठीही बरं नाही.

४. बोलणी: तास आधी, पैसे नंतर

पहिल्या ठिकाणी मला सांगितलं होतं, "तुमच्या सोयीने या, अर्धा दिवस बसलात तरी चालेल." पगार २२ हजार ठरला. कागद काही दिला नाही आणि मीही मागितला नाही, कारण संचालक ओळखीचे होते. दुसऱ्या महिन्यापासून दुपारचा चहा झाल्यावर कुणीतरी नवी फाईल आणून ठेवू लागलं. सहाव्या महिन्यात मी संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडत होते. बोलायला गेले तर "मॅडम, आपलं असं कुठे ठरलं होतं?" वर्ष संपताच मी ते सोडलं.

म्हणून नेमणुकीचं पत्र हवंच. साध्या कागदावर एक पान पुरतं, पण त्यात हे असू द्या: कामाचं स्वरूप, दिवस आणि तास, रक्कम आणि ती कुठल्या तारखेला मिळणार, सुट्ट्या, मुदत, आणि सोडायचं झालं तर किती दिवसांची सूचना.

रकमेला काय म्हणतात तेही बघा. पगार, मानधन आणि व्यावसायिक शुल्क हे तीन वेगळे शब्द आहेत आणि तिघांचा कर आणि पीएफचा हिशेब वेगळा होतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सही. निवृत्त अधिकाऱ्याच्या नावाला वजन असतं. त्यामुळे छोट्या संस्था आणि कंपन्या विचारतात, "तुम्ही धनादेशावर सही करणाऱ्यांत राहाल का? नावापुरतं संचालक व्हाल का?" नावापुरतं असं काही नसतं. धनादेश परत गेला किंवा ठेवीदार आले तर सही कुणाची तेच आधी बघतात. मी स्पष्ट सांगितलं, की हिशेब तपासून देईन, टिपणी लिहीन, पण बँकेतल्या सहीत माझं नाव नको. तेहेतीस वर्षं जपलेलं नाव हीच आपली पुंजी आहे. ती कुणालाही वापरू देऊ नका.

५. आयकर: इथेच बहुतेकांची चूक होते

माझीही झाली, आणि मी लेखा शाखेतली.

२०२२-२३ मध्ये माझी पेन्शन वर्षाला ४,५६,००० होती आणि पगार २,६४,०००. कोषागाराने पेन्शन बघितली, पाच लाखांच्या आत, म्हणून कर कापला नाही. नव्या ठिकाणी त्यांनी फक्त त्यांचा पगार बघितला, त्यांनीही कापला नाही. जुलैत विवरणपत्र भरायला बसले तेव्हा बेरीज ७,२०,०००. प्रमाणित वजावट ५० हजार आणि बचतीचे दीड लाख जाऊन ५,२०,००० उरले. पाच लाखांपर्यंत कर माफ होता, ती रेषा ओलांडली, त्यामुळे सवलत गेली आणि १७,१६० रुपये एकदम भरावे लागले. वर व्याज.

पेन्शन ही करासाठी पगारच धरतात. पेन्शन आणि पगार दोन्ही मिळत असले तरी प्रमाणित वजावट एकदाच मिळते. नव्या करपद्धतीत ती आता ७५ हजार आहे, आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे पुष्कळांचा प्रश्न सुटला आहे. पण पेन्शन, पगार आणि ठेवींचं व्याज मिळून त्यावर जात असाल तर माझ्यासारखंच होईल. उपाय सोपा आहे. रुजू होताना नव्या ठिकाणी पेन्शनची रक्कम लेखी कळवा आणि कर तिथूनच कापायला सांगा. पेन्शनचा तपशील कोषागाराच्या 'निवृत्तिवेतनवाहिनी' या संकेतस्थळावर मिळतो.

बँकेत दरवर्षी १५ एच भरून देत असाल तर या वर्षी हात आखडता घ्या. तो फॉर्म म्हणजे 'माझ्या एकूण उत्पन्नावर कर लागत नाही' हे तुमचं घोषणापत्र आहे. नोकरीमुळे कर लागणार असेल तर तो देता येत नाही.

सल्लागार म्हणून शुल्क घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. साठीनंतर ज्यांना व्यवसायाचं उत्पन्न नाही त्यांना आगाऊ कर भरावा लागत नाही. शुल्क घ्यायला लागलात की ते व्यवसायाचं उत्पन्न होतं आणि ही सूट जाते. आगाऊ कराची शेवटची तारीख, १५ मार्च, कॅलेंडरवर लिहून ठेवा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही.

६. पीएफ, व्यवसाय कर, विमा

जून २०२३ पासून मी कोरेगावच्या एका संस्थेत आठवड्यातले चार दिवस, रोज चार तास जाते. १४ हजार मिळतात. तिथे पीएफ लागू झाला. दोन महिन्यांनी पासबुक उघडलं तर मालकाच्या हिश्श्याचे १,६८० दोन भागांत दिसले, ५१४ माझ्या खात्यात आणि १,१६६ पेन्शन योजनेत. ५८ वर्षं पूर्ण झाली की पेन्शन योजनेत पैसे जायचेच नसतात, सगळे १,६८० माझ्या पीएफ खात्यात जायला हवेत. तिथल्या मुलाला हे माहीत नव्हतं. दाखवल्यावर त्याने दुरुस्त केलं. वेळीच बघितलं नाही तर पैसे काढताना दावा अडकतो, म्हणून पहिल्या दोन महिन्यांतच पासबुक बघा. तुम्ही आधी पीएफचे सभासद असाल आणि ५५ नंतर निवृत्त होऊन सगळी रक्कम काढून घेतली असेल, तर तुम्हाला नव्याने सभासद होणं बंधनकारक नाही, हेही त्यांना सांगा.

व्यवसाय कर ६५ वर्षांवरील व्यक्तींना नाही. महिलांना एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर नाही. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर तुमचं वय विचारत नाही, त्यामुळे २०० रुपये कापले जात असतील तर सांगा.

विम्याचं विचारून घ्या, कारण सामूहिक पॉलिसीत वयाची मर्यादा असू शकते. त्या भरवशावर आपली चालू पॉलिसी कधीही बंद करू नका. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावं, त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत.

७. एका फाईलमध्ये ठेवा

- पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) प्रत आणि सेवानिवृत्तीचा आदेश
- अंतिम वेतन प्रमाणपत्र, ना मागणी व ना चौकशी प्रमाणपत्र (सरकारी येणी आणि विभागीय चौकशी बाकी नसल्याचं)
- शैक्षणिक कागद आणि विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे आदेश
- आधार आणि पॅन (दोन्हींवरची जन्मतारीख आणि नाव एकसारखं आहे ना, ते बघून)
- वेगळ्या बचत खात्याचा रद्द केलेला धनादेश
- पीएफचा जुना यूएएन (सभासदाचा कायमचा क्रमांक) असल्यास तो
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो आणि अलीकडचे तपासणी अहवाल

वेगळं खातं म्हणते, कारण पेन्शनच्या खात्यात पगार मिसळला की वर्षअखेरीला काहीच सुटं करता येत नाही.

८. पहिले पंधरा दिवस

मला जुन्या फॉन्टमधलं मराठी टंकलेखन डोळे झाकून येत होतं. कोरेगावला सगळं युनिकोडमध्ये. पहिलं पत्र टाईप केलं तेव्हा पडद्यावर एक शब्द वाचता येईना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझी खुर्ची सरकवून की-बोर्ड दाखवला, आणि जोडाक्षरं कशी पडतात ते वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. ते पान अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आठवडाभर रोज अर्धा तास घरी सराव केला. टॅली आणि एक्सेल थोडं तरी शिकूनच जा, महिन्याभराचा वर्ग पुरतो.

"आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य पंधरा दिवस तोंडातून काढू नका. विचारलं तरच सांगा. एकदा त्यांनी विश्वासाने विचारायला सुरुवात केली की आपल्याकडे देण्यासारखं खूप असतं. त्याच मुलीला मी आता ताळमेळ काढायला शिकवते. मार्चमध्ये तिने पहिल्यांदा एकटीने बँक जुळवली आणि आधी माझ्याकडे वही घेऊन धावत आली.

जाण्यायेण्याचा खर्चही धरा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ च्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ नंतर मोफत. जागेवर जिना किती आहे, स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर आहे, हे होकार देण्याआधी बघून या. साठीनंतर या गोष्टी पगाराइतक्याच महत्त्वाच्या असतात.

९. पुन्हा थांबायचं झालं तर

हेही आधीच ठरवून ठेवा. मी दर वर्षी मे महिन्यात तब्येत, घर आणि मन तपासते आणि पुढच्या वर्षाचं संस्थेला कळवते. सोडताना पत्रात ठरलेली सूचना लेखी द्या, फाईली यादी करून सोपवा आणि त्या यादीवर घेणाऱ्याची सही घ्या. अनुभवाचं प्रमाणपत्र आणि त्या वर्षाचा फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) मागून घ्या. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख टाकायला सांगा, ती नसेल तर पैसे निघत नाहीत. पुनर्नियुक्ती होती असं कळवलं असेल तर ती संपल्याचंही कोषागारात कळवा आणि पोच घ्या.